रक्तात शिरलेल्या कर्कपेशींचे पुढे काय होते : ऑक्सफर्डमधील जलोदर-शंटचे प्रकरण

कर्करोगाने दगावणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाही. त्या गाठीतून निघून यकृत, फुप्फुस, हाडे किंवा मेंदू यांत रुजलेल्या दुय्यम गाठी जीवघेण्या ठरतात, आणि त्या गाठींपर्यंतचा मुख्य मार्ग रक्ताभिसरणातून जातो. त्यामुळे कर्कपेशी एकदा रक्तात शिरली की पुढचे सारे अटळच आहे, अशी समजूत रुग्णांमध्येच नव्हे तर पुष्कळ सुशिक्षितांमध्येही असते. ही समजूत माणसावर प्रयोग करून तपासता येत नाही, कारण रुग्णाच्या रक्तात मुद्दाम कर्कपेशी सोडून वाट पाहणे कोणत्याही वैद्यकीय नीतीत बसणारे नाही. परंतु १९८० च्या आसपास इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे नेमकी हीच स्थिती एका उपचाराच्या ओघात निर्माण झाली. रुग्णांचा त्रास कमी करण्यासाठी केलेल्या एका छोट्या शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या मानेतील मोठ्या शिरेत जिवंत कर्कपेशी दिवसरात्र जाऊ लागल्या. विकृतिशास्त्रज्ञ डेव्हिड टॅरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून १९८४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्ताभिसरण कर्कपेशींना केवळ वाहून नेते की त्यांच्यावर काही परिणामही करते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी माणसातील याच्याइतके थेट प्रकरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून त्याचा येथे सविस्तर विचार केला आहे.

रुग्ण आणि उपचार

बीजांडकोश, मोठे आतडे, जठर किंवा स्वादुपिंड यांचा कर्करोग पोटाच्या आतील आवरणावर पसरला की उदरपोकळीत पाणी साठू लागते. हा कर्करोगजन्य जलोदर होय. पोट ताणून ढोलासारखे होते, जेवण जात नाही, आडवे पडले की श्वास लागतो, चालणेही कठीण होते. सुई घालून पाणी काढले की काही दिवस आराम पडतो, पण पाणी पुन्हा भरते आणि दर वेळी त्याबरोबर शरीरातील प्रथिनेही निघून जातात. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असला तरी उरलेले महिने सुसह्य व्हावेत, एवढीच अशा रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची अपेक्षा असते.

अमेरिकी शल्यविशारद हॅरी लव्हीन यांनी १९७४ मध्ये एक शंट, म्हणजे शरीरातील द्रव एका ठिकाणाहून दुसरीकडे वळवणारी नळी, प्रसिद्ध केला होता. तो मुळात यकृताच्या सिरॉसिसमुळे होणाऱ्या जलोदरासाठी होता. त्यात एक नळी उदरपोकळीत ठेवली जाते, तिच्या मुखाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते, आणि दुसरी नळी छातीच्या कातडीखालून वर नेऊन मानेतील आतल्या शिरेत घातली जाते, जिचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत पोहोचते. श्वास आत घेताना पोटातील दाब वाढतो आणि छातीतील दाब कमी होतो. हा फरक पाण्याच्या काही सेंटिमीटर उंचीइतका झाला की झडप उघडते आणि पोटातील पाणी आपोआप रक्तात जाते. प्रथिने वाया जात नाहीत, पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागत नाही, आणि मूत्रपिंडांकडे जाणारे रक्तही वाढते.

हाच शंट कर्करोगाच्या रुग्णांना बसवायचा म्हटल्यावर एक गंभीर शंका उभी राहते. त्यांच्या जलोदराच्या पाण्यात जिवंत कर्कपेशी तरंगत असतात, आणि शंट बसवणे म्हणजे त्या पेशींना शिरेत जाण्यासाठी कायमची वाट करून देणे होय. एरवी कर्कपेशीला रक्तात शिरण्यासाठी मूळ गाठीपासून सुटावे लागते, भोवतीच्या ऊतीतून वाट काढावी लागते आणि रक्तवाहिनीची भिंत भेदावी लागते. येथे हे तिन्ही टप्पे वगळले गेले होते. प्रवेश हाच जर पसरण्यातील खरा अडथळा असेल, तर या रुग्णांची फुप्फुसे थोड्याच काळात गाठींनी भरून जायला हवी होती. टॅरिन आणि त्यांच्याबरोबर काम करणारे शल्यविशारद यांनी ही जोखीम डोळ्यांआड केली नाही. शंटमुळे मिळणारा आराम खरा होता आणि रुग्णांपुढे दुसरे चांगले पर्याय नव्हते, म्हणून उपचार केला गेला, पण त्याच्या परिणामांवर बारीक नजरही ठेवली गेली. वैद्यकातील चांगले संशोधन पुष्कळदा अशा दुहेरी जबाबदारीतून जन्माला येते, असे मला वाटते.

काय आढळले

अशा २९ रुग्णांची निरीक्षणे नोंदवली गेली. त्यांपैकी १५ जणांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करून फुप्फुसे व इतर अवयव तपासता आले. बहुतेक रुग्णांना जलोदरापासून चांगला आराम मिळाला. लक्षावधी जिवंत कर्कपेशी सतत रक्तात जात असूनही, रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम करतील अशा नव्या दुय्यम गाठींचा धोका लक्षणीयरीत्या वाढलेला दिसला नाही. शंटमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेशीला सर्वांत आधी लागणारे केशवाहिन्यांचे जाळे फुप्फुसांतील असते, तरीही फुप्फुसांत गाठी क्वचितच आढळल्या. काही रुग्णांत शरीराच्या इतर भागांत कर्कपेशींचे पुंजके दिसले, परंतु ते लहान होते आणि रुग्णाच्या मृत्यूचे कारण ठरले नव्हते.

या निरीक्षणाचे वजन लक्षात येण्यासाठी त्याची तुलना आजच्या एका तपासणीशी करता येईल. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी सापडल्या तर आजाराची वाटचाल वाईट असण्याचा संभव जास्त, असे २००४ मध्ये १७७ रुग्णांच्या अभ्यासातून दिसले, आणि ही मर्यादा आजही वापरली जाते. एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी असतात. म्हणजे सर्वसाधारण रुग्णात शोधून काढाव्या लागणाऱ्या मूठभर कर्कपेशी धोक्याची खूण मानल्या जातात, आणि ऑक्सफर्डच्या रुग्णांत मात्र त्यांचा ओघच रक्तात सोडला गेला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रक्तातील कर्कपेशींची संख्या ही मूळ आजार किती जोमदार आहे याची खूण असते, पण त्या पेशींपैकी प्रत्येकीत नवी गाठ उभी करण्याचे सामर्थ्य असते असा तिचा अर्थ होत नाही.

प्रवासात पेशीवर काय गुदरते

मानेतील शिरेतून निघालेली कर्कपेशी काही सेकंदांत हृदयाच्या उजव्या भागात आणि तेथून फुप्फुसांत पोहोचते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते, आणि ते सगळे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून जाते. या केशवाहिन्यांचा व्यास साधारण पाच ते दहा मायक्रोमीटर असतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची असली तरी तिच्यात केंद्रक नसल्याने ती वाकून, दुमडून पार होते. कर्कपेशी तिच्या दुप्पट किंवा त्याहून मोठी असते आणि तिचे केंद्रक कडक असते. त्यामुळे बहुतेक कर्कपेशी पहिल्याच फेरीत अडकतात. अडकलेल्या पेशीला मागून येणाऱ्या रक्ताचा दाब सोसावा लागतो. ती ताणली जाते आणि कित्येकदा तिचे आवरण फाटते.

मोठ्या वाहिन्यांत परिस्थिती वेगळी असते. तेथे पेशीवर वाहत्या द्रवाचा घासणारा ताण पडतो, ज्याला यंत्रशास्त्रात शिअर स्ट्रेस म्हणतात. शिरांमध्ये तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक ते चार डाइन आणि रोहिण्यांमध्ये चार ते तीस डाइन एवढा असतो (डाइन हे बलाचे एक अगदी लहान एकक आहे). ऊतीत इतर पेशींना चिकटून वाढलेल्या कर्कपेशीला आधार सुटणेच मुळात मानवत नाही. आधाराविना तरंगणाऱ्या पुष्कळ पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागतात. त्यात या ताणाची भर पडते, आणि शिवाय रक्तात नैसर्गिक मारक पेशी असतात, ज्या परक्या किंवा बिघडलेल्या पेशींना ओळखून नष्ट करतात. इसाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी आयोडीनची खूण केलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी उंदरांच्या शिरेत सोडून त्यांचा माग घेतला. चोवीस तासांनी जिवंत पेशींचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी झाले होते, आणि अखेरीस गाठ उभी करणाऱ्या पेशी त्याहूनही थोड्या होत्या. माणसाच्या रक्तातही या पेशी फार टिकत नाहीत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन ७ ते २२ वर्षे लोटलेल्या आणि आजाराचे कोणतेही चिन्ह नसलेल्या ३६ स्त्रियांपैकी १३ जणींच्या रक्तात कर्कपेशी सापडल्या, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. काही स्त्रियांच्या मूळ गाठी काढल्यानंतर लगेच पाहिले असता रक्तातील कर्कपेशींची संख्या अवघ्या एक ते अडीच तासांत निम्मी होत होती. पेशी इतक्या लवकर नाहीशा होत असतील, तर वर्षानुवर्षे त्या रक्तात दिसत राहणे म्हणजे शरीरात कुठेतरी थोड्या कर्कपेशी वाढत आणि मरत राहून त्यांची जागा भरून काढत आहेत, आणि तरीही त्या स्त्रिया निरोगी आहेत. ऑक्सफर्डच्या प्रकरणातून जे सुचत होते त्याला वीस वर्षांनी मिळालेली ही पुष्टी मला फार मोलाची वाटते.

येथपर्यंतच्या पुराव्यावरून रक्ताभिसरण हे कर्कपेशींचे स्मशान आहे असे चित्र उभे राहते, परंतु ते अपुरे आहे. कॅनडातील लंडन, ओंटारिओ येथे अ‍ॅन चेंबर्स यांच्या गटाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेलानोमाच्या पेशी उंदरांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडल्या. त्यांतील आठ दशांशांहून अधिक पेशी तीन दिवसांनी जिवंत तर होत्याच, शिवाय त्या रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून यकृताच्या ऊतीतही गेल्या होत्या. मात्र त्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांनीच सूक्ष्म पुंजके तयार केले, आणि अखेरीस दिसण्याजोग्या गाठी झाल्या त्या दहा हजारांत दोनच. तेराव्या दिवशीही एक तृतीयांशाहून अधिक पेशी एकेकट्या, न विभागता, निपचित पडून होत्या. फिडलर यांच्या प्रयोगातील नाश आणि चेंबर्स यांच्या प्रयोगातील टिकाव यांत अवयवाचा फरक आहे, कारण यकृतातील केशवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात आणि त्यांतील प्रवाह संथ असतो, तर फुप्फुसांत ढकलणारा दाब व ताण अधिक असतो. दोन्ही प्रयोगांतून मिळून असा निष्कर्ष निघतो की पेशींचा मोठा भाग कधी वाहत्या रक्तात नष्ट होतो आणि कधी नव्या ऊतीत पोहोचूनही वाढत नाही. गाठ उभी राहणे हे दोन्ही ठिकाणी अपवादानेच घडते.

आक्षेपांचा विचार

ऑक्सफर्डच्या निष्कर्षावर घेतला जाणारा सर्वांत रास्त आक्षेप काळाचा आहे. हे रुग्ण आधीच गंभीर आजारी होते आणि त्यांतील अनेक जण शंट बसवल्यावर काही महिन्यांतच वारले. गाठ डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी व्हायला जो अवधी लागतो तो त्यांना मिळालाच नसेल, असे म्हणता येते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु काही रुग्णांमध्ये निरीक्षणाचा काळ दोन वर्षांच्या पुढे गेला होता, आणि शवविच्छेदनात सूक्ष्मदर्शकाने तपासलेल्या ऊतींतही अपेक्षेइतके पुंजके नव्हते, त्यामुळे केवळ काळाच्या कमतरतेने सगळे निरीक्षण उलगडत नाही.

दुसरा आक्षेप पेशींच्या प्रकाराचा आहे. जलोदरात तरंगणाऱ्या पेशी पोटाच्या आवरणावर वाढायला सरावलेल्या असतात, आणि बीजांडकोशाचा कर्करोग तर बहुतांशी पोटातच पसरतो. त्याच्या दूरच्या अवयवांतील गाठी तुलनेने उशिरा दिसतात. म्हणून या रुग्णांवरून फुप्फुसाच्या किंवा त्वचेच्या कर्करोगाबद्दल अनुमान काढताना सावध राहिले पाहिजे. हे मान्य करूनही माझ्या मते या आक्षेपामुळे प्रकरणाचा मुख्य मुद्दा अधिकच ठसतो. पोटात सर्वत्र जोमाने वाढणाऱ्या त्याच पेशी, त्याच माणसात, रक्ताने फुप्फुसात नेऊन सोडल्या तरी तेथे वाढत नाहीत. म्हणजे फरक पेशीच्या आणि ठिकाणाच्या जोडीत आहे.

प्रवाह ठरवतो की जमीन?

या जोडीबद्दलचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. लंडनमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांत यकृतात २४१ वेळा गाठी होत्या, आणि प्लीहेत अवघ्या १७ वेळा. प्लीहेलाही रक्ताचा भरपूर पुरवठा होतो. केवळ रक्ताने नेऊन सोडल्याने गाठी होत असत्या तर एवढी तफावत पडली नसती, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्यांनी कर्कपेशीला बी व अवयवाला जमीन म्हटले. बी सर्व दिशांना जाते, पण अनुकूल जमिनीतच रुजते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२८ मध्ये याच्या विरोधी बाजू मांडली. कर्कपेशी जेथे आधी पोहोचतात आणि अडकतात तेथेच गाठी होतात, म्हणजे रक्तवाहिन्यांची रचना हेच कारण पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

युइंग यांची बाजू मुळीच दुबळी नव्हती. मोठ्या आतड्यातील रक्त आधी यकृतात जाते, आणि आतड्याच्या कर्करोगाच्या दुय्यम गाठी सर्वाधिक यकृतातच सापडतात. प्रोस्टेटचा कर्करोग कण्याच्या हाडांत इतक्या वेळा का जातो, याचे रचनेतील स्पष्टीकरण फिलाडेल्फियाचे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दिले. मृतदेहांतील शिरांमध्ये रंगद्रव्य सोडून त्यांनी दाखवले की ओटीपोटातील शिरा कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याशी जोडलेल्या आहेत आणि त्या जाळ्यात झडपा नसल्यामुळे खोकताना किंवा जोर करताना रक्त हृदयाकडे न जाता तिकडेही वळू शकते.

पण ऑक्सफर्डच्या शंटने युइंग यांच्या म्हणण्याची जणू थेट परीक्षा घेतली. रचनेच्या हिशेबाने पहिला थांबा फुप्फुस होते, पेशींचा पुरवठा अखंड होता, आणि तरीही तेथे गाठी क्वचितच झाल्या. याच सुमारास, १९८० मध्ये, हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या स्नायूत फुप्फुस, बीजांडकोश आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे लावले आणि शिरेतून मेलानोमाच्या पेशी सोडल्या. पेशी सर्व तुकड्यांपर्यंत सारख्याच पोहोचल्या, पण फुप्फुस आणि बीजांडकोशाच्या तुकड्यांतच गाठी वाढल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यांत वाढल्या नाहीत. पेशी कोठे पोहोचते हे प्रवाह ठरवतो, आणि ती तेथे वाढते की नाही हे ऊती ठरवते, असा मेळ या पुराव्यातून बसतो.

अलीकडच्या संशोधनाने या मेळात एक महत्त्वाची भर घातली आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे जाकी गोट्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये झेब्राफिश या लहान माशाच्या पारदर्शक भ्रूणांत कर्कपेशी सोडून त्या नेमक्या कोठे थांबतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ४०० ते ६०० मायक्रोमीटर असेल तेथे पेशी वाहिनीच्या भिंतीला टिकून चिकटत होत्या. वेग याहून बराच जास्त असेल तर त्या धरल्याच जात नव्हत्या. मात्र पेशी वाहिनीबाहेर पडण्यासाठी प्रवाहाची गरजही होती, कारण प्रवाहाच्या प्रेरणेने भिंतीच्या अस्तरपेशी हलून थांबलेल्या कर्कपेशीला वेढत होत्या आणि तिला बाहेर ढकलत होत्या. याच गटाने मेंदूत दुय्यम गाठी असलेल्या १०० रुग्णांच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा गाठी मेंदूच्या कमी रक्तप्रवाहाच्या भागांत अधिक आढळल्या. म्हणजे फार वेगवान रक्त पेशीला थांबू देत नाही, आणि अगदी थबकलेले रक्त तिला बाहेर पडायला मदत करत नाही. पॅजेट आणि युइंग यांच्या वादात प्रवाहाची दिशा आणि मार्ग यांचाच विचार होता; त्याचा वेग आणि बळ यांचा विचार आता कुठे सुरू झाला आहे.

रक्त कर्कपेशींना मारते तसे ते काहींना वाचवतेही, ही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. कर्कपेशी रक्तात येताच रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, तिला चिकटू लागतात. त्यांच्या आवरणामुळे मारक पेशींना ती ओळखू येत नाही, प्रवाहाचा घासणारा ताण तिला कमी बसतो, आणि प्लेटलेट्समधून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे तिची ऊतीत शिरण्याची क्षमता वाढते. उंदरांमधील प्लेटलेट्सची संख्या कमी केली तर फुप्फुसातील दुय्यम गाठी कमी होतात, हे गाब्रिएल गासिच यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. पेशी एकट्याने प्रवास करते की झुबक्याने, यावरही बरेच अवलंबून असते. स्तनाच्या कर्करोगावरील २०१४ मधील एका अभ्यासात रक्तातील कर्कपेशींचे झुबके संख्येने अगदी थोडे असूनही, उंदरांमध्ये दुय्यम गाठ उभी करण्याची त्यांची क्षमता एकट्या पेशींच्या २३ ते ५० पट आढळली. ऑक्सफर्डच्या रुग्णांकडे या नव्या ज्ञानाच्या प्रकाशात पाहिले तर कळते की धोका किती पेशी रक्तात गेल्या यापेक्षा कोणत्या पेशी, कोणत्या स्थितीत आणि कोणाच्या सोबतीने गेल्या यावर जास्त ठरतो.

या प्रकरणाचा आपल्याकडील रुग्णांशी संबंध

आपल्याकडे गावागावांत आणि शहरांतही अशी भीती ऐकू येते की गाठीला सुई लावली की ती चवताळते, किंवा शस्त्रक्रियेत हवा लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. या भीतीपोटी स्तनातील गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा छोटा तुकडा काढण्याच्या, वेळी काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात हे खरे आहे, आणि यकृताच्या प्राथमिक कर्करोगासारख्या काही आजारांत सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याचा लहानसा धोका असतो, म्हणून तेथे डॉक्टर वेगळी काळजी घेतात. परंतु शंटमधून महिनोन्‌महिने लक्षावधी कर्कपेशी रक्तात जाऊनही जे घडले नाही ते एका सुईच्या टोचण्याने घडेल ही भीती पुराव्याला धरून नाही. बायोप्सी टाळल्याने मात्र निदान लांबते, आणि तेवढ्या काळात आपल्या बळावर वाढणारी गाठ स्वतःच पेशी रक्तात सोडत राहते.

याचा अर्थ पेशींच्या रक्तातील प्रवेशाकडे दुर्लक्ष करावे असा नाही, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईचेच आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील अनेक केंद्रांत स्तनाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या सुमारे सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीच्या भोवती लिडोकेन या नेहमीच्या भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ८६.६ टक्के आणि न घेतलेल्यांत ८२.६ टक्के होते. एकूण जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के होते. लिडोकेन पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग बंद करते, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी होणारी कर्कपेशींची हालचाल व पसरणे यांना आळा बसत असावा, असा यामागचा विचार आहे. ऑक्सफर्डच्या प्रकरणाशी हे विसंगत वाटू शकते, पण तसे नाही. रक्तात गेलेल्या पेशींपैकी फार थोड्या यशस्वी होतात म्हणून एकेका पेशीची भीती बाळगायचे कारण नसते. परंतु हजारो रुग्णांचा एकत्र विचार केला तर त्या थोड्या यशस्वी पेशींतील काही जरी थांबवता आल्या, तरी दर शंभरात तीन-चार जीव वाचतात. शिवाय हे औषध अत्यंत स्वस्त आहे आणि कोणत्याही शस्त्रक्रियागृहात असते, ही बाब आपल्यासारख्या देशात फार महत्त्वाची आहे.

ज्या शंटपासून हा विचार सुरू झाला तो आता पूर्वीइतका वापरला जात नाही. पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी पोटात बारीक नळी कायमची ठेवली जाते, आणि रुग्ण किंवा घरची माणसे ठरावीक दिवसांनी घरीच पाणी काढतात. हा बदल कर्कपेशी पसरण्याच्या भीतीमुळे झाला नाही. शंटची झडप व नळी प्रथिनांनी किंवा पेशींच्या गाळाने वारंवार तुंबत असे, पोटातील पाणी एकदम रक्तात गेल्याने हृदयावर भार पडून फुप्फुसांत पाणी साठत असे, आणि जलोदरातील द्रव्यांमुळे काही रुग्णांत रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडून जीवघेणा रक्तस्राव होई. ज्यांचे हृदय सक्षम आहे, ज्यांच्या जलोदरात रक्त किंवा संसर्ग नाही आणि ज्यांना पुन्हा पुन्हा पाणी काढणे सोसत नाही, अशा निवडक रुग्णांत शंटचा विचार अजूनही होतो. त्यांना व त्यांच्या घरच्यांना धोके समजावून सांगताना तुंबणे, हृदयावरील भार आणि रक्तस्राव यांचा उल्लेख आधी केला जातो; कर्करोग पसरण्याचा मुद्दा, टॅरिन यांच्या निरीक्षणांमुळे, त्या यादीत बराच खाली गेला आहे.